जिवंत मेंदूतील ‘क’ जीवनसत्त्व

घरातील आजी विसरू लागली, की कोणीतरी शक्तीच्या गोळ्यांची बाटली घेऊन येतो. पण गोळीतील ‘क’ जीवनसत्त्व मेंदूत किती पोहोचते? रक्त सुईने काढून तपासता येते. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा कोण काढू देईल?

हा पेच अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मेलिसा टर्पस्ट्रा व रॉल्फ ग्रूटर ह्यांनी सोडविला. त्यांचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. माणसास प्रचंड चुंबकात निजवून डोक्यावर रेडिओलहरी सोडल्या, म्हणजे निरनिराळ्या द्रव्यांतील हायड्रोजनचे अणुगर्भ आपापल्या सुरात उत्तर देतात. सुई नको, क्ष-किरणही नकोत. मात्र ‘क’ जीवनसत्त्वाचा क्षीण सूर इतरांच्या गलबल्यात बुडून जातो. म्हणून मोजणी दोनदा केली: एकदा त्या सुरात मुद्दाम फरक पाडून, एकदा तसाच ठेवून. एकीतून दुसरी वजा करताच गलबला गेला व हवा तो सूर उरला. युक्ती साधीच, पण सुचावी लागते!

रक्ताच्या मानाने मेंदूत हे द्रव्य कितीतरी पट अधिक असते, आणि मेंदू आपला साठा मोठ्या काटेकोरपणे राखतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत निरोगी माणसांना ते थेट शिरेतून दिले, तरी मेंदूतील मात्रा हलली नाही. गोळ्या विकणाऱ्यास हे रुचणार नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मोजणीत वृद्धांच्या मेंदूतही ती तरुणांइतकीच भरली.