जवळ घेतल्याने कुत्रा भित्रा होत नाही

दिवाळीत फटाक्यांच्या पहिल्या माळेला कुत्रा पलंगाखाली शिरला की घरातलं कुणीतरी हमखास बजावतं, ‘‘त्याला कुरवाळू नका, आणखी भित्रा होईल.’’ ही समजूत भलतीच चिवट आणि साफ चुकीची आहे. ‘बस’ म्हटल्यावर बसणं ही कृती. खाऊ मिळाला की ती वाढते. भीती ही कृती नव्हे. वीज कडाडताना कुणी पाठीवर हात ठेवला म्हणून पुढच्या वेळी आपण मुद्दाम जास्त घाबरतो का? बिलगायला आला तर बिलगू द्या. पलंगाखालीच बरं वाटत असेल तर ओढून काढू नका.

‘गच्चीत नेऊन उभा करा, सवय होईल’ हा सल्ला तर घातकच. माणसाला सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे 45,000पर्यंतचं, म्हणजे आपल्याला न ऐकू येणारे आवाजही त्याच्या कानावर आदळतात. पळायला वाट नसलेल्या जागी त्याला सवय होत नाही, धसका बसतो. सवय लावायची ती पावसाळ्यापासून, घरात. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज इतका बारीक लावा की कान टवकारतील, पण शेपूट पायांत जाणार नाही. आवाज झाला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी आवाज, मग खाऊ. क्रम उलटला तर खाऊच धोक्याची खूण ठरतो. आवाज वाढवताना त्याने खाऊ नाकारला, तर आपण घाई केली. दोन पावलं मागे या. रोज पाच मिनिटं पुरतात, पण आठवडेच्या आठवडे लागतात.

तशीच दुसरी चिवट समजूत: ‘एकटं ठेवलं म्हणून सूड उगवला, बघा, चूक कळल्यावर कशी मान खाली घातली!’ श्वानवर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009मध्ये 14 कुत्र्यांवर यातला अपराधीपणा तपासला. तो ‘अपराधी’ चेहरा मालक रागावल्यावर दिसत होता, मग कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट, काहीच न केलेल्याला रागावलं तर तो जास्तच दिसे. आणि सूड? दार कुरतडणं, लाळ गाळणं ही बहुतेकदा एकटेपणाची धास्ती असते आणि ती सहसा आपण बाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच उसळते. जुना मोबाइल कॅमेऱ्यासारखा लावून ठेवा, कळेल. मग चपला घालून, किल्ली उचलून परत सोफ्यावर बसायचं, असं दिवसातून अनेकदा. त्याला जांभई येऊ लागली की (कंटाळ्याची हं, ताणातही कुत्रे जांभया देतात) दाराबाहेर दहा सेकंद, पुढे वीस.

राहिली फटाक्यांसाठी दिली जाणारी झोपेची गोळी. ॲसप्रोमॅझिनसारखं गुंगीचं औषध नुसतंच दिलं तर अंग सुस्तावतं, आतली भीती तशीच राहते. भीती कमी करणारी औषधं वेगळी असतात. त्यासाठी पशुवैद्याकडे दसऱ्यालाच जा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मात्र नवं काही शिकवू नका. उजेड असतानाच फिरवून आणा, जेवण लवकर उरका, खिडक्या लावून पंखा मोठा करा. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच. लाडूचं ताट द्यायला येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी दार उघडण्याआधी कुत्रा कुठे आहे ते बघा.