मनगटातले टक्के

"पेशंट समोर बसला की मी आधी त्याचा हात हातात घेते," एक मनोविकारतज्ज्ञ बाई सहज म्हणाल्या. "धीर द्यायला?" मी विचारलं. "छे हो, डोस बघायला."

ते काय असतं ते बघायला जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांच्या सरकारी ओपीडीत जाऊन बसलो. केसपेपर, नंबर, वैतागलेले नातेवाईक, सगळं कुठल्याही ओपीडीसारखंच.

तिशीचा एक मुलगा आईमागून आत आला. चालताना हात हलत नव्हते, चेहरा असा, की त्यावरची माशीही उठू नये. स्किझोफ्रेनिया. पूर्वी कानात आवाज यायचे, हॅलोपेरिडॉलने थांबले. बाईंनी डाव्या हाताने त्याचं कोपर तोललं, उजव्या हाताने मनगट धरून सावकाश वर-खाली वाकवलं. मग दुसऱ्या हाताची मूठ उघड-मीट करायला सांगितली. तो त्यात गुंतला तसं त्यांच्या हातातलं मनगट अडखळायला लागलं. त्याला विचारून त्यांनी मलाही धरायला दिलं. हात सरळ वाकत नव्हता, दातेरी चाक फिरावं तसा टप्प्याटप्प्याने सरकत होता. बाई म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तरच्या वर गेलाय."

हा आकडा टोरांटोचा. तिथे 2000 साली पहिल्यांदाच आजारी पडलेल्या 22 रुग्णांना हॅलोपेरिडॉलचे अगदी छोटे डोस देऊन पेट स्कॅनवर पाहिलं होतं, की मेंदूतल्या डोपामिनच्या डी-टू रिसेप्टरांपैकी किती औषधाने अडवले. 65 टक्क्यांच्या वर आजाराला उतार पडण्याची शक्यता वाढली, 78 च्या वर अंग आखडण्याची. औषधाचं काम चालतं ते एवढ्या चिंचोळ्या पट्टीत. त्याच शहरात फिलिप सीमन यांनी 1975 च्या सुमारास वासराच्या मेंदूवर किरणोत्सारी हॅलोपेरिडॉल वापरून ही जागा हुडकली होती. जे औषध तिथे जितकं घट्ट बसतं, तितका त्याचा डोस कमी लागतो, हे त्यांनी दाखवलं.

मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी हालचालीला लगाम घालतात. डोपामिन त्यांच्या डी-टूवर बसलं की त्या शांत होतात, लगाम सैल पडतो. औषधाने जागा अडवली की लगाम पुन्हा आवळतो. पार्किन्सनमध्ये डोपामिनच संपत जातं, इथे ते असून पोचत नाही. मनगट दोन्हीकडे सारखंच अडखळतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइडही हीच जागा अडवतं. ते महिनोन्‌महिने घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर कधी कधी कंपवाताचा शिक्का बसतो, आणि गोळी थांबवायचं कुणाला सुचत नाही.

त्याच ओपीडीत आलेल्या आणखी एका रुग्ण बाईची पाळी बंद झाली होती. घरच्यांचे दोन देवऋषी करून झाले होते. डोपामिन याच डी-टूमार्फत पिट्यूटरीतल्या प्रोलॅक्टिनला आवरून धरतं; औषधाने तेही सुटतं. "बहात्तर," डॉक्टर बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. टोरांटोच्या अभ्यासातला मधला आकडा, प्रोलॅक्टिनचा. त्यांनी प्रोलॅक्टिनची तपासणी लिहून दिली.

पेट स्कॅन करून डोस ठरवणं इथे सोडाच, मोठ्या शहरांतही रोजच्या कामात नाही. आहे तो हात. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढाही पुष्कळ ठिकाणी दिला जात नाही, असं मला तिथे बसून वाटलं. त्या मुलाच्या जुन्या कागदांवर डोस चढतच गेला होता: 5, 10, 15 मिलिग्रॅम. 'ऐकत नाही' एवढाच शेरा. आखडणं झाकायला वर ट्रायहेक्सिफेनिडिल. एका गोळीचं निस्तरायला दुसरी गोळी, आणि दुसरीने तोंडाला कोरड.

बाईंनी 15 खोडून 10 लिहिलं. आई एकदम पुढे सरकली. "नको बाई. आता गप बसतो, जेवतो, झोपतो. दगड मारत होता हो लोकांना."

"गप बसतो कारण हलता येत नाही त्याला."

"मग परत आवाज आले तर?"

"तर लगेच या. तारखेची वाट बघू नका. मी सोमवार-गुरुवार असते."

आईने मान हलवली, कागद घडी घालून पिशवीत ठेवला. जाताना औषधाच्या खिडकीशी ती मला पुन्हा दिसली. हातात दोन कागद होते. त्यातला जुना पुढे करून ती आतल्या माणसाला विचारत होती, "यावर मिळंल का?"