बुगडी, टोचलेला कान आणि मी

गेल्या आठवड्यात एक आई आपल्या बारावीतल्या मुलीला दवाखान्यात घेऊन आली. मुलीने मैत्रिणींबरोबर जाऊन कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतले होते. कान लाल आणि हात लावला तर गरम लागत होता. आई म्हणाली, "डॉक्टरबाई, हिला चांगलं रागवा." मी काही रागावले नाही. रागवायचा अधिकार मला उरलेलाच नाही, कारण हाच उद्योग मी स्वतः वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी करून बसले आहे. ती हकिकत आज सांगते. वाचकांपैकी कुणाच्या घरी लग्न, बारसे असेल तर उपयोगी पडेल.

आमच्या आजेसासूबाईंची मोत्यांची बुगडी घरात डबीत पडून होती. पुतणीचे लग्न ठरले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, कधी घालणार ती? मी मेल्यावर?" लग्नाला तीन आठवडे होते. मी बाजारात गेले. लहानपणी आमच्या गल्लीतले सोनार सोन्याच्या टोकदार तारेने कान टोचत आणि तिथेच ती तार वळवून देत. आता दुकानात बंदुकीसारखे यंत्र होते. दुकानदाराने ते जंतुनाशकाच्या बोळ्याने नुसते पुसले. मी ते पाहिले. दवाखान्यात सिस्टरने असे केले असते तर मी तिला बोलले असते, पण दुकानात चार ओळखीच्या बायका बसल्या होत्या, भिडेपोटी गप्प राहिले. खटकन आवाज झाला आणि चमकी कानात बसली.

पहिले दोन-तीन दिवस कान दुखला, थोडा सुजला. एवढे होतेच. छिद्राभोवती पांढरट-पिवळसर पातळ पाणी येऊन त्याची खपली धरते, त्यालाही लोक उगाच पू समजतात. पण पाचव्या दिवशी रात्री त्या कुशीवर वळले आणि किंचाळून उठले. सकाळी सासूबाईंनी मायेने हळद-तेल लावले. मी नको म्हणाले नाही आणि वर कपाटातले अमॉक्सिसिलीन स्वतःच सुरू केले. डॉक्टर स्वतःवर उपचार करतो तेव्हा तो फार वाईट डॉक्टर असतो. दोन दिवस त्यात गेले. तोवर कानाचा वरचा अर्धा भाग टोमॅटोसारखा झाला होता. आरशात पाहताना एक गोष्ट मात्र लक्षात आली: खालची पाळी अगदी नेहमीसारखी होती. तेव्हा मी घाबरले आणि जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घसातज्ज्ञ असलेल्या माझ्या वर्गमित्राकडे गेले. तो कान बघत म्हणाला, "तुझ्या पेशंटला तू एवढे दिवस थांबू दिलं असतंस का?"

पाळी का वाचली, ते समजून घेतले की पुढचे सगळे समजते. पाळीत मांस आणि चरबी असते, रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून तिथली जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. कानाचा वरचा भाग ताठ असतो, कारण आत कूर्चा असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असते, त्यातूनच तिचे पोषण होते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला की कूर्चेची उपासमार होते, ती विरघळते आणि कान आक्रसून कोबीच्या पानासारखा चुरगळतो. तो पूर्ववत करणे फार अवघड. म्हणून वरच्या कानाचे टोचणे भरायला चार महिन्यांपासून वर्षही लागू शकते, आणि तिथे पू झाला तर दिवस नव्हे, तास मोजायचे असतात. बंदूक तर बोथट चमकी जोराने आत घुसवते. त्यात कूर्चा चिरडते. शिवाय या यंत्राचे अंग बहुधा प्लास्टिकचे असल्याने ते दाबाच्या वाफेत निर्जंतुक करता येत नाही. वरच्या कानाला बंदूक लावूच देऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

मित्राने चमकी काढली, कान बधिर करून छोटा छेद दिला, पू काढला, पट्टी बांधली. पू तपासला तेव्हा त्यात स्युडोमोनास नावाचे जंतू निघाले. ते ओलसर जागी, पाण्यात राहतात आणि माझ्या अमॉक्सिसिलीनला ते मुळीच दाद देत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झाले. (हे औषध दुधाबरोबर किंवा आम्लपित्ताच्या गोळीबरोबर घेतल्यास नीट शोषले जात नाही, आणि ते स्वतःच्या मनाने घेण्याचेही नाही.) कान वाचला. वरच्या कडेला चिमूट काढल्यासारखा एक खळगा राहिला आहे, तो केसांनी झाकते.

आता तुमच्याकडे वळते. टोचायचेच असेल तर डॉक्टरकडे किंवा नवी, पाकीटबंद सुई समोर फोडणाऱ्याकडे टोचा. एकाची सुई दुसऱ्याला लावली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा धोका असतो. धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते आधी विचारा. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी देतात. मधुमेह, हृदयाच्या झडपेचा आजार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांपैकी काही असेल, किंवा घरात कुणाला जखमेच्या जागी जाड गाठीसारखा व्रण येत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ती गाठ कापली तरी पुन्हा येण्याची खोड तिला असते.

बारशाच्या दिवशी कान टोचण्याची घाई आपल्याकडे फार. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस मिळू द्या, मग टोचा. आजी रागावल्या तर त्यांना सांगा की सुश्रुतानेही कान टोचायला सहावा किंवा सातवा महिनाच सांगितला आहे. त्याने तर उन्हाच्या प्रकाशात पाळी पाहून मोकळी जागा शोधायला सांगितली आहे आणि चुकीची शीर विंधली तर काय काय होते तेही लिहून ठेवले आहे.

नंतरची निगा अगदी साधी आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. एक पेला पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा पाव चमचा मीठ घाला. हात साबणाने धुऊन, स्वच्छ कापड त्यात भिजवून दिवसातून दोनदा जागा ओली करा, खपली आपोआप सुटू द्या. नखाने खरवडू नका. रिंग गोल गोल फिरवत राहण्याची जुनी सवय सोडा, त्याने आत भरत आलेली नाजूक त्वचा रोज फाटते. हळद-तेल, स्पिरिट, फेसाळणारे पेरॉक्साइड, काहीही नको. छिद्रात कडुलिंबाची काडी किंवा केरसुणीचा हीर घालणेही नको. उशीचा अभ्रा वरचेवर बदला. कंगवा, टॉवेल, ओढणी आणि हेल्मेट यांना जपा, झटका बसला की भरलेली जखम पुन्हा नवी होते. फिरकी घट्ट दाबू नका. सूज आली की ती पाळीतच रुतते, आणि लहान मुलींच्या कानातून अशा फिरक्या मी काढल्या आहेत.

नाकाचेही हेच. ते भरायला काही महिने लागतात, आणि सर्दी झाली की तिथे बोट जातेच. चमकी सुरुवातीला काढून ठेवली तर छिद्र थोड्या वेळातच मिटू लागते, म्हणून 'दोन दिवस काढून बघते' असे करू नका.

दोन्ही कानांना सारखीच खाज आणि ओल असेल तर बहुधा तो पू नसून खोट्या दागिन्यातल्या निकेलची ॲलर्जी असते, दागिना बदलला की बरी होते. पण लाली पसरत असेल, हिरवट दाट पू किंवा वास येत असेल, ताप आला असेल, तर डॉक्टरकडे जा. पाळीवर पू झाला तर रिंग स्वतः उपटून काढू नका, छिद्र बाहेरून मिटते आणि पू आत अडकतो. आणि कानाचा वरचा भाग लाल, पाळी मात्र चांगली, असे दिसले तर त्याच दिवशी जा.

त्या बारावीच्या मुलीचा कान वेळेवर आला होता. तिला मी माझा खळगा दाखवला आणि लगेच मित्राकडे पाठवले.

पुतणीच्या लग्नात मी बाजारातली चापाची बुगडी दुसऱ्या कानाला लावली. कुणाच्या लक्षात आले नाही. सासूबाईंच्या आले, पण त्या काही बोलल्या नाहीत. आजेसासूबाईंची बुगडी पुन्हा डबीत आहे, कापसात गुंडाळलेली.