रुग्णाचा शब्द आणि परिचारिकेचा निर्णय

शुश्रूषेच्या पाठ्यपुस्तकांत निरीक्षणाचा विचार बहुधा नाडी, श्वसन, तापमान आणि रक्तदाब यांच्या मोजणीपासून सुरू होतो. ही मोजणी अपरिहार्य आहे, याविषयी वाद नाही. तथापि मोजणीचे साधन हाती घेण्यापूर्वीच रुग्ण काहीतरी बोललेला असतो, आणि पुष्कळदा कोणते साधन प्रथम हाती घ्यावयाचे हे त्याच्या बोलण्यावरूनच ठरते. महाराष्ट्रात बी. एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी शिकते ती प्रामुख्याने इंग्रजीतून. रुग्ण आपली व्यथा सांगतो ती मराठीत, त्यातही आपल्या गावच्या मराठीत. रुग्णाच्या खाटेपासून नोंदपत्रापर्यंत जाताना त्या शब्दाचे भाषांतर होते. हे भाषांतर म्हणजे परिचारिकेने घेतलेला पहिला निर्णयच होय; मात्र तो निर्णय आहे याची जाणीव तिला क्वचितच करून दिली जाते.

प्रश्न कसा विचारावा, येथूनच या विषयाला आरंभ होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात, उत्तर पोटात घेऊन येणाऱ्या प्रश्नांवर कठोर टीका केली आहे. रात्र चांगली गेली का, असे न विचारता किती तास झोप लागली आणि ती कोणत्या वेळी, हे विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. मराठीत हा दोष एका अक्षरात सामावतो. “आता दुखत नाही ना?” या प्रश्नातील ‘ना’ हे अव्यय श्रोत्याची संमती गृहीत धरते. ताई घाईत आहेत हे पाहणारा वयस्क, भिडस्त रुग्ण त्यावर “नाही, बरं आहे” असेच म्हणणार. “आता कसं वाटतंय?” किंवा “कुठं दुखतंय, हात लावून दाखवा” या प्रश्नांना असे आयते उत्तर देता येत नाही.

उत्तर मिळाल्यावर त्याचा अर्थ लावण्यातील अडचण वेगळीच असते. ‘मी दमलो’ आणि ‘मला दम लागतो’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्यात थकवा आहे, दुसऱ्यात श्वास अपुरा पडणे. कानाला जवळची वाटणारी ही रूपे नोंदीत एकाच इंग्रजी शब्दाखाली गेली, तर श्वसनाची गती मोजण्याचे, रुग्णाला टेकून बसविण्याचे, प्राणवायूचे प्रमाण पाहण्याचे काम लांबणीवर पडते. दम किती चालल्यावर लागतो, की उताणे निजल्यावरही लागतो, हा पुढचा प्रश्न तर विचारलाच जात नाही. ‘ताप अंगावर काढला’ या प्रयोगाचीही अशीच गत होते. त्यात केवळ ताप आला होता एवढेच सांगितलेले नसते. तो काही दिवस होता आणि उपचार घेतलेला नाही, हा महत्त्वाचा पूर्ववृत्तान्त त्या दोन शब्दांत आलेला असतो. ‘अंगावरून जाते’ असे एखादी स्त्री हलक्या आवाजात सांगते, तेव्हा ते लाल की पांढरे, हे तिला एकान्तात विचारावे लागते.

वेदनेच्या शब्दांचा शास्त्रीय अभ्यास रोनाल्ड मेल्झॅक यांनी केला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मॅक्गिल प्रश्नावलीत ७८ इंग्रजी विशेषणे २० गटांत मांडली आहेत. मराठी मात्र हे काम विशेषणांपेक्षा क्रियापदांवर आणि अभ्यस्त शब्दांवर सोपविते. गळू ठसठसते, घसा खवखवतो, छातीत जळजळते, डोळे चुरचुरतात. शिवाय कळ ‘येते’, चमक ‘निघते’, उसण ‘भरते’. दुखणे मात्र ‘राहते’. वेदना थांबून थांबून होते की सतत असते, हे येथे सहायक क्रियापदच सांगून जाते. शून्य ते दहा या अंकांत वेदना मोजण्याची रीत ज्यांना अवघड जाते, असे वृद्ध खेडूत “आठ आणे फरक पडला” असे सहज सांगतात. हेही मापच आहे, आणि ते तसेच्या तसे नोंदवावयास हरकत नसावी.

शब्दावर किती विसंबावे यालाही मर्यादा आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांनी ती विशेषेकरून ध्यानात घ्यावी. ‘चक्कर’ या एका शब्दात गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि झोक जाणे हे तिन्ही अनुभव येतात. ड्रॅकमन आणि हार्ट यांनी १९७२ साली अशा प्रकारांवरून कारणाकडे जाण्याची पद्धत सुचविली व ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. परंतु २००७ साली न्यूमन-टोकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, काही मिनिटांनी पुन्हा विचारले असता पुष्कळ रुग्ण प्रकार बदलून सांगतात. चक्कर किती वेळ टिकते आणि कशाने येते, याविषयीची त्यांची उत्तरे त्या मानाने स्थिर असतात. म्हणून “उठून उभं राहिलं की येते” हे कळताच निजलेल्या व उभ्या स्थितीतील रक्तदाब मोजणे श्रेयस्कर. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर ती बाब डॉक्टरांना कळविलीच पाहिजे, आणि तोवर रुग्णाला एकट्याने न्हाणीघरात जाऊ देता कामा नये.

भाषा हीच जेथे लक्षण असते, तेथे परिचारिकेची कसोटी लागते. टीस्डेल आणि जेनेट यांनी १९७४ साली मांडलेल्या ग्लासगो मापनात वाचिक प्रतिसादाला पाचपर्यंत गुण आहेत: स्थळकाळाचे भान असलेले बोलणे पाच, संभ्रमित संभाषण चार, सुटे असंबद्ध शब्द तीन, नुसते कण्हणे दोन, काहीच नाही तर एक. संभाषण, शब्द, ध्वनी अशी ही उतरंड भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारलेल्या पूर्वसूचक गुणपद्धतीत तर नव्याने उद्भवलेल्या संभ्रमाला एकदम तीन गुण दिले, म्हणजे तेवढ्या एका लक्षणावरून रुग्णाची तातडीने तपासणी व्हावी. आता अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या वृद्धाचे बोलणे, ती बोली न जाणणाऱ्या परिचारिकेला असंबद्ध वाटण्याचा संभव आहे. त्याहून घातक चूक उलट दिशेने होते: बोलणे खरोखरच भरकटलेले असते, पण ‘गावाकडची भाषा’ म्हणून ते सोडून दिले जाते, जंतुसंसर्ग किंवा रक्तातील साखरेची घट यांची पहिली खूण तशीच निसटते. अशा वेळी खाटेजवळ बसलेल्या सुनेला किंवा मुलाला “हे नेहमी असंच बोलतात का, की कालपासून फरक वाटतो?” असे विचारावे, आणि ते उत्तर वेळेसह, त्यांच्याच शब्दांत, देवनागरीत लिहून ठेवावे. पुढच्या पाळीच्या परिचारिकेला त्याच रुग्णाचे बोलणे ताडून पाहण्यास तेवढाच आधार असतो.