बिरसीची धावपट्टी आणि वैमानिकाचं शिक्षण

गोंदियाजवळच्या बिरसी गावची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आज तिथे वैमानिक तयार होतात. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांनी भागीदारीत उभारलेल्या नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटचं काम 2008 च्या सुमारास सुरू झालं. मध्य प्रदेशातल्या जामसांवली, सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातल्या मुलामुलींना नागपूरमार्गे गाठता येणारी ही वैमानिक प्रशिक्षणाची महत्त्वाची संस्था आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. 1928 साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. तिथेच शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. या क्लबच्या महाविद्यालयात मुंबई विद्यापीठाची विमानविद्येची पदवीही घेता येते. बारामती आणि शिरपूर इथेही खाजगी प्रशिक्षण संस्था आहेत.

पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पालकांनी आधी समजून घ्यायला हवं. पदवी विद्यापीठ देतं. परवाना देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान 18 वर्षं लागतं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावं, अशी अट चालत आली आहे. डीजीसीएने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. दिशाज्ञान, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचं तंत्र या विषयांच्या लेखी परीक्षांत 70 टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा वेगळी असते.

त्यानंतर मोजले जातात ते उड्डाणाचे तास. एकूण 200 तास उड्डाण लागतं. त्यांतले 100 तास विमानाची पूर्ण जबाबदारी विद्यार्थ्याने स्वतः पेलायची असते. त्यात 20 तास दूरच्या प्रवासाचे हवेत, आणि त्यांतला एक प्रवास किमान 300 सागरी मैलांचा, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरहून थोडा जास्त असावा लागतो. रात्रीचं उड्डाण किमान 5 तास असतं. प्रत्येक उड्डाणाची नोंद लॉगबुकात होते.

बिरसीला एका इंजिनाचं डायमंड डीए-40 आणि दोन इंजिनांचं डीए-42 ही विमानं वापरली जातात. मोठ्या शहरांच्या विमानतळांइतकी गर्दी इथल्या आकाशात नसते, त्यामुळे उड्डाण आणि उतरणं पुन्हा पुन्हा गिरवता येतं. विदर्भातला उन्हाळा मात्र कसोटी पाहतो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून सकाळचे गार तास मोलाचे ठरतात. पावसाळ्यात ढग खाली उतरले की वर्गातला अभ्यास वाढतो.

खर्च हा सगळ्यात मोठा अडसर आहे. तो अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो. परवान्यानंतर एअरबससारखं विशिष्ट विमान चालवण्याचं टाइप रेटिंग घेण्याचा खर्च वेगळा. परवाना मिळाला म्हणून नोकरी मिळतेच असं नाही. त्यामुळे शेत गहाण ठेवण्याआधी किंवा कर्ज काढण्याआधी वैद्यकीय तपासणी पूर्ण करून घ्यावी. संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, उडण्याजोगी विमानं आणि प्रशिक्षक किती आहेत, मागच्या तुकडीचे 200 तास किती काळात पूर्ण झाले, हे फी भरण्यापूर्वी तिथे जाऊन विचारावं. सौंसरच्या मुलीला हे शिक्षण आवाक्यात यायचं असेल, तर शिष्यवृत्ती आणि सवलतीचं कर्ज यांची सोय वाढायलाच हवी.