बोटांतून झिरपणारा उजेड

तिन्हीसांजेला नाशिकच्या रामकुंडावर वारा सुटला की दिवा सोडायला आलेल्या बायका आपसूक ज्योतीला हाताचा आडोसा करतात. परवा माझ्या शेजारीच एक आजी तशा उभ्या होत्या. द्रोणातली वात फडफडत होती आणि त्यांची बोटं कडांना लालबुंद दिसत होती. मला चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आठवलं.

दिव्याला हाताचा आडोसा करणाऱ्या बाईचं, १९४५-४६ मधलं हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण ते राजा रविवर्मांचं समजतात. पण रविवर्मा तर १९०६ सालीच गेले. हळदणकर सावंतवाडीचे. चित्रासाठी हातात दिवा घेऊन उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता. शंभरी ओलांडून २०१८ साली त्या गेल्या.

चित्रातला चेहरा नीट पाहा. ना हसू, ना आसू. ओठ मिटलेले, नजर शांत. तरी बघताना आत काहीतरी हलतं, ते रंगांमुळे. ज्योतीकडचा चेहरा पिवळ्या-केशरी उबेत न्हालेला. साडीची जांभळट छटा मात्र उजेडापासून लांब जाईल तशी थंडावत जाते. केशरी नुसता ओतून ऊब येत नाही, शेजारी शीत रंग लागतो. आणि बोटं? रक्त हिरवा-निळा प्रकाश शोषून घेतं, लाल तेवढा पलीकडे येतो. या बाईच्या अंगात रक्त वाहतंय, हे हळदणकर त्या लाल कडांतून दाखवतात.

पारदर्शक जलरंगात उजेड रंगवत नाहीत, राखतात. ज्योतीजवळचा कागद जपायचा आणि पातळ रंगाचे एकावर एक हात देत भोवती अंधार जमवायचा. तेलरंगासारखा वरून पांढरा थापून चूक झाकता येत नाही. चित्रकार शिवाजी तुपे यांचे जलरंग पाहिलेल्या नाशिककरांना ही शिस्त ठाऊक आहे. या चित्राच्या स्वस्त छापील नकलांत सगळा चेहरा एकसारखा पिवळा होतो, तेव्हा मला फार वाईट वाटतं. सावलीतला गारवा गेला की त्या चेहऱ्यात उरतं काय?

आजींनी द्रोण पाण्यावर सोडला. गालांवरचा केशरी ओसरला, घाटावरच्या दिव्यांचा पांढरा उजेड कपाळावर आला. ओठ तेच, नजरही तीच. पण आता त्या फार दमलेल्या वाटत होत्या.