स्टिअरिंग हाती घेण्यापूर्वी

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी बक्षिसाच्या मागण्या पुढे येतात. एके काळी ती मागणी सायकलची असे, पुढे मोबाइलची आली. आता काही घरांत ‘फोर्स फीडबॅक स्टिअरिंग व्हील’ असे लांबलचक नाव ऐकू येऊ लागले आहे. संगणकावर किंवा प्लेस्टेशनवर मोटार शर्यतीचे खेळ खेळण्यासाठी लागणारे हे उपकरण. आई-वडील दुकानात जातात किंवा इंटरनेटवर शोध घेतात आणि चक्रावून जातात. काही हजार रुपयांपासून लाखाच्या पलीकडे किंमत असलेली ही चक्रे छायाचित्रात मात्र सारखीच दिसतात. मग बहुधा दोनपैकी एक चूक होते. स्वस्तातले खेळणे घरी येते आणि महिन्याभरात माळ्यावर जाते. किंवा विक्रेत्याच्या आग्रहाखातर असे महागडे यंत्र येते, की ते बसवायला घरात टेबलच सापडत नाही. या दोन्ही चुका टाळायच्या, तर हे यंत्र नेमके काय करते ते आधी समजून घ्यायला हवे.

खरी मोटार वळणावर वळवून आपण हात सैल सोडला, की स्टिअरिंग आपोआप सरळ होऊ लागते. पुढच्या चाकांची बैठक किंचित मागे कललेली असते, हे याचे एक कारण. दुसरे कारण टायरच्या रबरात दडलेले आहे. वळताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग पिळवटतो आणि रस्त्याचा आडवा जोर त्या भागाच्या मध्यावर न पडता थोडा मागे पडतो. त्यामुळे चाक सरळ होण्यासाठी धडपडते आणि ती धडपड स्टिअरिंगमधून आपल्या तळहातांना जाणवते. खरी गंमत पुढे आहे. टायरची पकड संपत आली, की हा मागे पडणारा जोर मध्याकडे सरकतो आणि स्टिअरिंग अचानक हलके लागते. पुढची चाके घसरण्याच्या क्षणभर आधी मिळणारी ही सूचना असते. मुरलेला शर्यतपटू ती डोळ्यांनी नव्हे, हातांनी वाचतो.

पडद्यासमोर बसलेल्या खेळाडूला ना सीटचा धक्का जाणवतो, ना शरीर बाहेर फेकले जाण्याची भावना. त्याच्याकडे उरतात फक्त हात. म्हणून खेळाची प्रणाली टायर, निलंबन आणि रस्ता यांचे गणित प्रत्येक सेकंदाला शेकडो वेळा मांडते आणि त्यातून निघालेला जोर चक्रामागच्या विजेच्या मोटरीला कळवते. मोटर आपल्या हातांविरुद्ध ओढते, सोडते, थरथरते. फोर्स फीडबॅक म्हणतात ते हेच.

पहिली फसगत होते ती इथेच. बाजारात ‘व्हायब्रेशन’ असे ठळक अक्षरांत लिहिलेली स्वस्त चक्रे भरपूर मिळतात. त्यांच्या आत मोटर असते, पण ती मोबाइलसारखी केवळ थरथरते. चक्र मध्यावर आणण्याचे काम रबराची दोरी किंवा स्प्रिंग करते. पकड सुटली तरी त्या रबराला त्याचा पत्ता नसतो; ते आपले तितक्याच जोराने मध्याकडे ओढत राहते. लहान मुलाच्या करमणुकीपुरते ते ठीक आहे. परंतु शर्यतीचे खेळ गांभीर्याने खेळू पाहणाऱ्याने यात पैसे घालवू नयेत. त्यापेक्षा साध्या गेमपॅडवर अधिक चांगले खेळता येते.

खऱ्या फोर्स फीडबॅक चक्रांच्या तीन जाती आहेत आणि मोटरीचा जोर हातापर्यंत कसा पोहोचतो, यावरून त्या ओळखल्या जातात. पहिली गिअरची. २००६ साली आलेले लॉजिटेकचे जी-२५, जी-२७, २०१५ चे जी-२९ व जी-९२० आणि २०२० चे जी-९२३ ही या घराण्यातील पाती. मोटरीचा जोर दातेरी चाकांतून वाढवून चक्राला दिला जातो. दात्यांमध्ये थोडी फट राहतेच. त्यामुळे मध्यावर चक्र किंचित पोकळ लागते आणि खडबडीत रस्त्यावर खडखडाट ऐकू येतो. रात्री शेजारच्या खोलीत कोणी झोपले असेल, तर तो ऐकू येतोच येतो! तथापि हीच रचना वर्षानुवर्षे टिकली आहे, ती दुरुस्त होते आणि तिची माहिती सर्वत्र उपलब्ध आहे, हे गुण थोडे नव्हेत.

दुसरी जात पट्ट्याची. थ्रस्टमास्टरचे २०१४ मधील टी-३०० हे तिचे ठळक उदाहरण. पट्ट्यामुळे चक्र लोण्यासारखे फिरते, पण रस्त्याचे बारीक कंगोरे पट्ट्याच्या ताणात थोडे विरून जातात. तिसरी जात डायरेक्ट ड्राइव्हची. हिच्यात मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. चक्र थेट मोटरीच्या दांड्यावर बसते. ही चक्रे पूर्वी केवळ धनिकांना परवडत. फॅनाटेकने २०२१ मध्ये सीएसएल डीडी आणले आणि चित्र पालटले. त्याची सुरुवातीची किंमत सुमारे ३५० युरो होती. मात्र ती फक्त मोटरीच्या पेटीची, चक्र आणि पेडल वेगळे. पाठोपाठ मोझा या चिनी कंपनीची यंत्रे आली आणि २०२२ मध्ये लॉजिटेकनेही ९९९ डॉलरचे जी-प्रो हे डायरेक्ट ड्राइव्ह चक्र बाजारात आणले.

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत झळकतो तो न्यूटन-मीटरचा आकडा. तो घरगुती भाषेत उतरवून पाहू. चक्राचा व्यास ३० सेंटीमीटर धरला, तर जी-२९ चा सुमारे २.२ न्यूटन-मीटर जोर म्हणजे चक्राच्या कडेला दीड किलोचे वजन टांगल्यासारखे. सीएसएल डीडीला मोठा वीजपुरवठा जोडला की ८ न्यूटन-मीटर मिळतात, म्हणजे साधारण साडेपाच किलो. जी-प्रोचे ११ म्हणजे साडेसात किलो. फिनलंडच्या सिम्युक्यूब-२ प्रो या यंत्राचे २५ न्यूटन-मीटर म्हणजे चक्क १७ किलो! पाऊण तासाच्या शर्यतीत असे वजन सतत डावी-उजवीकडे खेचत राहायचे, ही कल्पना करूनच मनगटे दुखू लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ५ ते ८ न्यूटन-मीटर एवढा जोर घरगुती खेळाडूला पुरेसा असतो. त्यापुढे खर्च वेगाने वाढतो आणि मिळणारी माहिती मात्र थोडीच वाढते.

अधिक जोर म्हणजे अधिक वास्तव, हा समज खोडून काढायला हवा. मोटर देऊ शकते त्याहून अधिक जोर खेळाने मागितला, तर मोटर आपल्या कमाल मर्यादेवर अडकून बसते. त्या अवस्थेत रस्त्यावरचा खड्डा, कडेची रंगीत पट्टी, टायरचे घसरणे, सारे एकाच सपाट ओढीत बुडून जाते. मांडवातला कर्णा टिपेला लावला की गाण्याचे शब्दच कळेनासे होतात, तसाच हा प्रकार. अशा वेळी खेळाच्या सेटिंगमध्ये जोर कमी करावा, म्हणजे हरवलेले बारकावे परत येतात. डायरेक्ट ड्राइव्हचा खरा फायदाही हाच. १० किलोचा धक्का देणे हे तिचे काम नव्हे. हलका आणि जड यांच्यामधल्या अनेक पायऱ्या तिला स्पष्ट दाखवता येतात, हे तिचे मोल आहे.

आता पेडलकडे वळू. हा विषय चक्राइतका देखणा नसल्यामुळे बहुतेक जण तो शेवटी ढकलतात, आणि तिथेच चुकतात. शर्यतीत वेळ वाचतो तो मुख्यतः ब्रेक कधी आणि किती लावला, यावर. साध्या पेडलमध्ये पाय किती खाली गेला हे मोजले जाते. खऱ्या मोटारीत मात्र ब्रेक फारसा खाली जात नाही. पायाने किती दाब दिला, हे तिथे महत्त्वाचे असते. आणि आपल्या स्नायूंना अंतरापेक्षा दाब अधिक चांगला लक्षात राहतो. म्हणून चांगल्या पेडलमध्ये ‘लोड सेल’ बसवलेला असतो. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक तराजूत वजन मोजणारा असतो तोच हा सुटा भाग. हा ब्रेक हाती, किंबहुना पायी, आला की प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी, त्याच दाबाने मोटार रोखता येऊ लागते. पैसे मोजकेच असतील तर मध्यम चक्र आणि उत्तम ब्रेक घ्यावा. उत्तम चक्र आणि सुमार ब्रेक कदापि घेऊ नये.

अर्थात, लोड सेलवर जोरात पाय दिला की चाकांची खुर्ची मागे पळते! अनुभवी खेळाडू खुर्चीची चाके जुन्या बुटांत अडकवून ठेवतात. उपाय हास्यास्पद वाटला तरी खर्च शून्य आहे. पेडलची पट्टीदेखील गुळगुळीत फरशीवर सरकते, तेव्हा ती भिंतीला टेकवून ठेवावी. चक्राचीही तीच गत. गिअरचे चक्र जाड लाकडाच्या टेबलाला शिकंज्याने घट्ट बसते. ८ न्यूटन-मीटरच्या पुढे मात्र टेबलच हलू लागते आणि वेगळी लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट घ्यावी लागते. या चौकटीला जागा लागते, आणि ती घडी करून पलंगाखाली सरकवता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात ही बाब न्यूटन-मीटरपेक्षा महत्त्वाची ठरते.

खेळाचे यंत्र कोणते, हा प्रश्न विकत घेण्याआधीच सोडवावा. जी-२९ प्लेस्टेशन आणि संगणकावर चालते, एक्सबॉक्सवर नाही. जी-९२० एक्सबॉक्स आणि संगणकावर चालते, प्लेस्टेशनवर नाही. दोन्ही दिसायला जुळी भावंडे, त्यामुळे खोक्यावरची खूण नीट वाचावी. जी-९२३ याच नावाने दोन वेगळी चक्रे विकली जातात. मोझाचे आर-९ फक्त संगणकासाठी आहे. फॅनाटेकमध्ये प्लेस्टेशनची परवानगी मोटरीच्या पेटीत, तर एक्सबॉक्सची परवानगी हातातल्या चक्रात असते. असा घोळ आहे खरा. खेळ कोणता खेळायचा, यावरही निवड ठरते. युरो ट्रक सिम्युलेटर-२ सारख्या शांत खेळाला जी-२९ भरपूर झाले. तिथे ९०० अंश, म्हणजे अडीच वेढे फिरणारे चक्र असणे जोरापेक्षा महत्त्वाचे. असेटो कोर्सा किंवा आयरेसिंगमध्ये तासन्‌तास घालवणाऱ्याला मात्र डायरेक्ट ड्राइव्हचा फरक पहिल्याच वळणावर कळेल.

‘पण यातून पुढे काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. निसान आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘जीटी अकॅडमी’ या उपक्रमातून ग्रॅन टुरिस्मो खेळणारे तरुण निवडून त्यांना खऱ्या शर्यतीचे प्रशिक्षण देण्यात आले. स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ हा त्याचा पहिला विजेता; २०११ मध्ये ब्रिटनच्या जॅन मार्डनबरोने तो मान मिळवला. २०१३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत हे दोघे एकाच मोटारीचे चालक होते आणि ती मोटार आपल्या गटात तिसरी आली. परंतु अशा जागा जगभरात मोजक्याच होत्या, आणि त्यासाठी लागलेली चाळणी फार बारीक होती. करिअरच्या भरवशावर चक्र घेऊ नये. छंद म्हणून तबला किंवा कॅमेरा घेतो, तसे ते घ्यावे.

सुरक्षिततेविषयीही सांगितले पाहिजे, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. डायरेक्ट ड्राइव्हच्या मोटारीने भिंतीला धडक दिली की चक्र क्षणार्धात गर्रकन फिरते. अंगठे चक्राच्या आत अडकलेले असतील, तर ते मुरगळण्याचा धोका असतो. अंगठे कडेवर ठेवावेत, धडक अटळ दिसली की हात सोडावेत. नवे यंत्र आल्यावर जोर अगदी कमी ठेवून सुरुवात करावी आणि आठवड्याभरात हळूहळू वाढवावा. लहान भावंडे घरात असतील, तर यंत्र चालू ठेवून उठू नये. मोठ्या यंत्रांसोबत मिळणारे लाल बटण हाताच्या टप्प्यात बसवावे, खोक्यात ठेवू नये.

परदेशातील नातेवाइकांकडून चक्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिथली किंमत कमी दिसते, पण सीमाशुल्क, वाहतूक आणि मुख्य म्हणजे हमीचा प्रश्न असतो. तिथे विकत घेतलेल्या वस्तूची हमी इथे लागू होईल का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. मोटर बिघडली तर आठ-दहा किलोची पेटी परत पाठवण्याचा खर्चच मोठा होतो.

वापरलेले चक्र घेणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, विशेषतः गिअरच्या जातीत. पण ते विक्रेत्याच्या घरी, वीज जोडूनच पाहावे. वीज मिळताच जी-२९ स्वतःहून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरून मध्यावर येते. ते अडखळले किंवा मध्य चुकला, तर आत काहीतरी झिजले आहे. चक्र दोन बोटांनी मध्याभोवती हळूच हलवून किती पोकळ लागते, ते पाहावे. मग संगणकावर पेडलचे आकडे दाखवणारी खिडकी उघडून ब्रेक अगदी सावकाश दाबावा. पडद्यावरची पट्टी सरळ न चढता थरथरत, उड्या मारत चढली, तर आतला सेन्सर धुळीने भरला आहे किंवा खराब झाला आहे. साफसफाईने तो बहुधा सुधारतो, पण तो खर्च आणि ती खटपट आपल्या माथी येणार असल्याने तेवढी रक्कम भावातून आधीच कमी करून घ्यावी.